क्लब कोणाचा?

ज्या देशाने १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन करून या खेळाला नियम दिले, त्या देशाने पुढची दीडशेहून अधिक वर्षे खेळाचा कारभार खेळाच्या संघटनांवरच सोपवला होता. त्याच देशाच्या संसदेने २०२५ च्या जुलै महिन्यात फुटबॉल क्लबांसाठी स्वतंत्र वैधानिक नियामक नेमणारा कायदा संमत केला. बँका, विमा कंपन्या, वीज वितरण यांना नियामक असतो हे आपण जाणतो. अकरा खेळाडू आणि एक चेंडू यांच्यासाठी शासनाने नियामक का नेमावा, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर मला त्या कायद्याच्या कलमांपेक्षा कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या एका छोट्या क्लबच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. ते उत्तर मालकीविषयी आहे. सहकार आणि लोकसहभाग हे शब्द शासकीय परिपत्रकांतून वारंवार वापरणाऱ्या आपल्या देशाने ते ऐकण्यासारखे आहे.

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. वरच्या चार पायऱ्यांवर ९२ क्लब खेळतात. त्याखालच्या पायऱ्यांवरील शेकडो क्लबांना तेथे ‘नॉन-लीग’ म्हणतात. गावाचे, उपनगराचे, गिरणीचे किंवा रेल्वे वसाहतीचे असे हे क्लब. प्रेक्षकसंख्या कधी शंभर, कधी हजार. नव्या नियामकाचा अधिकार वरच्या पाच पायऱ्यांपुरता, म्हणजे ११६ क्लबांपुरता आहे. मी ज्याविषयी लिहितो आहे तो एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा क्लब आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ सातव्या पायरीवर किंवा तिच्या आसपास खेळला.

या क्लबचा जन्म २००५ चा. पण त्याची पार्श्वभूमी जुनी आहे. १८७८ मध्ये मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातील रेल्वे कारखान्याच्या कामगारांनी एक फुटबॉल संघ काढला. १९०२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतताना त्याने मँचेस्टर युनायटेड हे नाव घेतले. त्या काळात असे बहुतेक क्लब मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या होत होते. मात्र फुटबॉल असोसिएशनने एक शहाणपणाची अट घातली होती. लाभांशावर मर्यादा होती आणि संचालकांनी वेतन घ्यायचे नव्हते. कंपनीचे कवच घ्या, पण क्लब हे नफा उपसण्याचे साधन नव्हे, असा त्या नियमाचा आशय होता. १९८३ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने वर एक धारक कंपनी उभी करून ती शेअर बाजारात नोंदवली आणि नियमाला बगल दिली. नियम रद्द करण्याची गरजही पडली नाही. त्याच्या शेजारून रस्ता निघाला. प्रशासनात काम केलेल्या कोणालाही ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

१९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडही शेअर बाजारात गेला. १९९८ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने त्याच्यासाठी ६२.३ कोटी पौंडांची बोली लावली. समर्थकांनी संघटित होऊन विरोध केला आणि मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर १९९९ मध्ये सरकारने ती खरेदी रोखली. सहा वर्षांनंतर मात्र अमेरिकन उद्योजक माल्कम ग्लेझर यांनी सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला. यातील मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच आला. तोवर कर्जमुक्त असलेल्या संस्थेला स्वतःच्याच विक्रीची किंमत फेडावी लागणार होती. यात बेकायदेशीर काहीही नव्हते, आणि समर्थकांना सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब हीच होती.

त्यांच्यापैकी काही हजार जणांनी वेगळा मार्ग निवडला. मुख्य क्लबकडे पाठ फिरवून त्यांनी नवा क्लब स्थापन केला, त्याचे नाव मतदानाने ठरवले आणि शिडीच्या जवळजवळ तळापासून, नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या दुसऱ्या विभागातून सुरुवात केली. जुलै २००५ मध्ये लीच्या मैदानावर झालेला पहिला मैत्रीपूर्ण सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तरीही प्रेक्षक आनंदाने मैदानात उतरले. त्यानंतर लागोपाठ तीन हंगामांत तीन बढत्या मिळाल्या.

मला मैदानावरील यशापेक्षा त्यांनी निवडलेला कायदेशीर आकृतिबंध महत्त्वाचा वाटतो. त्यांनी कंपनी काढली नाही. सहकारी संस्थांची नोंदणी ज्या कायद्याखाली होत आली, त्याच कायद्याखाली त्यांनी संस्था नोंदवली. आज तिला सामुदायिक हितसंस्था म्हणतात. अल्प वार्षिक वर्गणी भरणारा प्रत्येक जण सभासद होतो आणि प्रत्येक सभासदाला एकच मत असते. संचालक मंडळ सभासद निवडतात. नफा वाटला जात नाही. तिकिटाचे दर शक्य तितके परवडणारे ठेवावेत, स्थानिक तरुणांना संधी द्यावी, उघड बाजारीकरण टाळावे, ही तत्त्वे स्थापनेच्या वेळीच लिहून ठेवली गेली. खेळाडूंच्या सदऱ्यावर प्रायोजकाचे नाव नसते. पुढे हंगामी तिकिटासाठी किमान रक्कम ठरवून त्यावर ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावे, अशी योजनाही त्यांनी राबवली.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एका जवळच्या गावाची आठवण होते. मँचेस्टरच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर रॉचडेल आहे. १८४४ च्या डिसेंबरमध्ये तेथील टोड लेनवर २८ जणांनी भेसळ नसलेले पीठ, लोणी आणि साखर विकणारे दुकान उघडले आणि आधुनिक सहकारी चळवळीला तिची तत्त्वे मिळाली. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा जर्मनीतील रायफायझेन नमुन्यावरून प्रेरित होता, हे खरे; पण ‘एक सभासद, एक मत’ हे सूत्र दोन्ही परंपरांत सामायिक आहे. ५ नोव्हेंबर २०१० रोजी एफए कपच्या पहिल्या फेरीत एफसी युनायटेडने चार पायऱ्या वरच्या रॉचडेल संघाला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले. सहकाराच्या जन्मगावी सहकारी पद्धतीच्या क्लबने मिळवलेला हा विजय योगायोगाचा होता, पण अर्थपूर्ण होता.

क्लबला स्वतःचे मैदान नव्हते. २०१४ पर्यंत बहुतेक सामने शेजारच्या बरी गावातील गिग लेन या मैदानावर, बरी एफसीला भाडे देऊन खेळले गेले. या घरमालकाची आणि भाडेकरूची पुढची कथा सांगितल्याशिवाय मालकीचा मुद्दा पूर्ण होत नाही. बरी हा १८८५ चा क्लब; १९०० आणि १९०३ मध्ये त्याने एफए कप जिंकला होता. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो एका व्यावसायिकाला एका पौंडाला विकला गेला. पुढच्याच वर्षी संघाने मैदानावर बढती मिळवली. पण कर्ज आणि थकबाकी यांतून मार्ग निघाला नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. १८९४ पासून अखंड असलेले सदस्यत्व एका रात्रीत संपले. सामान्य वर्गणीदारांचा भाडेकरू टिकला आणि सव्वाशे वर्षांचा घरमालक बुडाला. नंतर गिग लेन पुन्हा उभे राहिले तेही समर्थकांच्याच पुढाकाराने आणि सार्वजनिक निधीच्या आधाराने. बरीच्या या शोकांतिकेने नियामकाच्या मागणीला बळ दिले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सहा इंग्रज क्लबांनी बंदिस्त युरोपीय सुपर लीगमध्ये जाण्याचा घाट घातला, तेव्हा सरकारला टाळाटाळ करणे अशक्य झाले.

एफसी युनायटेडने २०१५ च्या मे महिन्यात मोस्टन भागात ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचे मैदान उघडले. खर्च साठ लाख पौंडांहून अधिक. त्यात सुमारे वीस लाख पौंड समर्थकांनी सामुदायिक भागांच्या रूपाने उभे केले. हा भाग घेणाऱ्याला मूल्यवाढ मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही आणि कितीही भाग घेतले तरी मत एकच राहते. उरलेली रक्कम अनुदाने आणि कर्जे यांतून आली. मँचेस्टर महापालिकाही त्यात सहभागी होती. पूर्वी ठरलेली दुसरी जागा २०११ मध्ये महापालिकेने मागे घेतली होती. त्यामुळे काही वर्षे वाया गेली. पण संस्था मोडली नाही.

येथवरचा वृत्तांत वाचून समर्थकांची मालकी हा सर्व दोषांवरचा उतारा आहे असा समज होईल. तो खरा नाही. मैदान उघडल्यानंतर वर्षभरातच क्लबमध्ये तीव्र कलह पेटला. नोव्हेंबर २०१५ मध्ये चेस्टरफिल्डविरुद्धचा एफए कपचा सामना दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सोमवारी रात्री ठेवण्यात आला, तेव्हा निषेध म्हणून अनेक समर्थक पहिल्या सत्रात मैदानाबाहेर राहिले. त्याहून गंभीर तक्रार कारभाराविषयी होती. मंडळ माहिती दडपते, प्रश्न विचारणाऱ्यांना विरोधक समजते, असे सभासद म्हणू लागले. २०१६ मध्ये सरव्यवस्थापक पायउतार झाले, मंडळातील बहुसंख्य सदस्यांनी पदे सोडली आणि निवडणुकीतून नवे मंडळ आले. २०१९ मध्ये संघाची पदावनतीही झाली.

माझ्या मते या क्लबचे खरे मोल २०१० च्या विजयापेक्षा २०१६ च्या या कलहात आहे. कलह झाला, कारण कलह करण्याचा अधिकार सभासदांच्या हाती होता. हिशेब मागता आला, सभा बोलावता आली, मंडळ बदलता आले आणि हे सर्व न्यायालयात न जाता, क्लब न बुडवता झाले. तुलनेसाठी एक उदाहरण आपल्याशी थेट निगडित आहे. पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरमधील जुना क्लब विकत घेतला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून आणि २०१७ मध्ये दुसऱ्या पायरीवरूनही खाली घसरला. पुढच्या वर्षी तो परतला. मालकांनी क्लबमध्ये पैसा ओतला, हेही नमूद केले पाहिजे. पण या सर्व काळात नाराज समर्थकांना निदर्शने करण्यापलीकडे कोणताही वैधानिक मार्ग नव्हता. मालक चांगला की वाईट हा येथे मुद्दा नाही. चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, हा मुद्दा आहे.

याला एक सबळ प्रतिवाद आहे आणि तो रेक्सहॅमचा आहे. वेल्समधील हा क्लब इंग्लंडच्या शिडीवर खेळतो. २०११ मध्ये समर्थकांच्या न्यासाने तो वाचवला आणि जवळपास दहा वर्षे पाचव्या पायरीवर चालवला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सभासदांनी प्रचंड बहुमताने तो दोन अभिनेत्यांना, रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी यांना, देण्याचा निर्णय घेतला. २०२३, २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन बढत्या मिळवून रेक्सहॅम दुसऱ्या पायरीवर पोहोचला. समर्थकांची मालकी क्लबला जगवते, पण वर नेत नाही, असे कोणी म्हणाल्यास रेक्सहॅमकडे बोट दाखवता येईल. २००२ मध्ये समर्थकांनी शून्यातून उभा केलेला एएफसी विम्बल्डन नऊ वर्षांत लीगमध्ये पोहोचला, हे उलट उदाहरण देता येते. तरी पैशाची ताकद नाकारता येणार नाही.

परंतु रेक्सहॅमच्या कथेचे दोन भाग सहसा विसरले जातात. नवे मालक येईपर्यंत क्लब जिवंत राहिला तो समर्थकांमुळे. आणि विक्रीचा निर्णय मतदानाने झाला. संस्थेने आपला अधिकार जाणीवपूर्वक, एकदाच वापरून संपवला. पुढच्या वेळी क्लब कोणाला विकायचा हे ठरवताना त्या सभासदांचे मत घेतले जाईलच असे नाही. आजच्या मालकांची नियत उत्तम असेल. मात्र नियत वारसाहक्काने पुढे जात नाही, मालकी जाते.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न काल्पनिक नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. हे सर्व निर्णय कंपन्यांच्या संचालक मंडळांनी घेतले आणि कायद्याने तो त्यांचा अधिकार होता. वर्षानुवर्षे स्टेडियममध्ये येणाऱ्या प्रेक्षकाला ही वार्ता वर्तमानपत्रातून कळली. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा मोहन बागान हा सभासदांचा क्लब. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल विभागाची ८० टक्के मालकी एका उद्योगसमूहाकडे गेली आणि संघाच्या नावाआधी दुसऱ्याच संघाची आद्याक्षरे लागली. ती हटवण्यासाठी समर्थकांना तीन वर्षे झगडावे लागले. २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजक कंपनीने महासंघाशी असलेला करार संपत आल्याचे कारण देत पुढचा हंगाम स्थगित ठेवला. एका व्यापारी कराराची मुदत संपते आणि देशाचे सर्वोच्च फुटबॉल थांबते, ही स्थिती कोणत्याही क्रीडाधोरणाला भूषणावह नाही. त्याच वर्षी आपल्या संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला; त्याचा भर महासंघांच्या कारभारावर आहे. क्लब आणि त्यांचे समर्थक हा विषय तसाच राहिला आहे.

यावर इंग्लंडची नक्कल हा उपाय नव्हे. तरी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांना फारसा निधी लागत नाही. पहिली, ज्या क्लबला शासनाची किंवा महापालिकेची जमीन, मैदान अथवा सवलत मिळते, त्याने मैदान हलवण्यापूर्वी किंवा क्लब बंद करण्यापूर्वी नोंदणीकृत समर्थक संस्थेला सूचना देणे आणि क्लब चालवायला घेण्याची पहिली संधी देणे बंधनकारक करावे. दुसरी, महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटींत नाव, रंग, बोधचिन्ह आणि गाव बदलण्यासाठी समर्थकांच्या संमतीची अट घालावी. तिसरी, राज्यांच्या सहकार निबंधकांनी क्रीडा क्लबांसाठी आदर्श उपविधी तयार करावेत. त्यांत मालमत्ता विकून येणारा पैसा सभासदांत वाटता येणार नाही, हे कलम असावे. आजारी सहकारी कारखान्यांच्या मौल्यवान जमिनी लिलावातून खासगी हाती गेलेल्या महाराष्ट्रात या शेवटच्या कलमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

मात्र कलमांवर विसंबून राहण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रशासकीय सेवेच्या वर्षांत मी सहकारी संस्थांची असंख्य इतिवृत्ते वाचली. त्यांत एक वाक्य हमखास असे: गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात आली व नंतर त्याच ठिकाणी घेण्यात आली, तहकूब सभेस गणसंख्येची आवश्यकता नाही. या एका वाक्यात आपल्या सहकाराच्या ऱ्हासाचा मोठा भाग सामावला आहे. ‘एक सभासद, एक मत’ हे सूत्र आपल्याकडेही कागदावर शाबूत होते. सभासद घरी होते आणि अध्यक्ष सभेत होते.

मँचेस्टरच्या त्या छोट्या क्लबचे सभासद सभेला येतात, भांडतात, मंडळ पाडतात आणि शनिवारी पुन्हा त्याच कट्ट्यावर शेजारी उभे राहतात. संघ सातव्या पायरीवर आहे की पाचव्या, याने त्यांच्या मालकीत फरक पडत नाही. मालकी ही भागपत्रावर लिहिलेली असते, पण ती टिकते गणसंख्येवर. कायदा सभेचे दार उघडे ठेवू शकतो. आत येऊन बसण्याचे काम सभासदांनाच करावे लागते.